किरकोळ कुणासाठी?

“एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ करता?” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता बाऊ करायचंच ठरवलं आहे.

पनवेलहून मुंबई सीएसएमटीला लोकलने सव्वा तासाहून जास्त लागतो. डब्यात संडास नसतो. म्हणून सकाळी मी पाणीच पीत नाही. कामाच्या ठिकाणी बायकांच्या संडासाला कुलूप, किल्ली साहेबांच्या टेबलावर. चार पुरुषांसमोर ती मागायची. पाळीच्या दिवसांत तर दोन-तीनदा. पुरुषांच्या मुतारीला मात्र कुलूप नाही! तक्रार केली तर साहेब हसून म्हणाले, “बाई, किरकोळ गोष्टी सोडा.”

किरकोळ? पाणी टाळून, लघवी दाबून मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाला. औषधाचा खर्च माझा, खाडाही माझा. बाई घराबाहेर आली ती चार घटकांची पाहुणी, हेच ते कुलूप रोज बजावतं.

रस्त्यावर तरी वेगळं काय? पुरुषांना मुतारी फुकट, बायकांकडून पैसे, याविरुद्ध २०११ साली मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बायकांसाठी रस्त्यांवर स्वच्छ स्वच्छतागृहं बांधण्याचे आदेश महापालिकांना दिले. २०१६ साली पनवेलचीही महापालिका झाली. मग बाजारात दिवसभर भाजी विकणारी बाई जाते कुठे, हे आपण विचारायला नको?

मैत्रिणींनो, किल्ली मागणं पुरे झालं. आता कुलूपच काढायला लावू या.