सोसायटीचं घर की बिनसोसायटीचं?

मैत्रिणींनो, सायखेड्याहून एका भगिनीचं चांगलं चार पानी पत्र आलं आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, दोन मुलं आहेत, यजमानांची नाशिकरोडला नोकरी, आणि आता पहिलंवहिलं स्वतःचं घर घ्यायचं घाटतं आहे. दोन जागा मनात आहेत. एक नाशिकरोडला, बारा वर्षांच्या जुन्या इमारतीतला फ्लॅट. तिथे रजिस्टर्ड सोसायटी आहे आणि महिना अठराशे रुपये मेंटेनन्स. दुसरी सायखेड्यातच, नव्या प्लॉटांवर बांधलेल्या आठ रो-हाउसांपैकी एक. तिथे सोसायटी-बिसायटी काही नाही. यजमान म्हणतात, "स्वतःच्या घरात राहून दरमहा पैसे कसले मोजायचे? आणि पापड कुठे वाळत घालू हे सेक्रेटरीला का विचारायचं?" बाई विचारतात, सोसायटी ही सोय की डोकेदुखी?

प्रश्न एकीचा असला तरी तो तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरी आज-उद्या निघणार आहे, म्हणून उत्तर सगळ्यांसाठीच देते.

आधी त्या शब्दाचंच बघू. सायखेड्यासारख्या गावात 'सोसायटी' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती पीककर्ज देणारी विविध कार्यकारी सोसायटी. तिथल्या निवडणुका, थकबाकी, गटातटाचं राजकारण सगळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे शब्द ऐकूनच पुरुषमाणसं कपाळाला आठ्या घालतात. फ्लॅटची सोसायटीही १९६० च्या त्याच सहकार कायद्याखाली नोंदली जाते, पण तिचं काम निराळं. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली अशी गृहनिर्माण संस्था काढली. एकेकट्याला जी जागा परवडत नाही ती सगळ्यांनी मिळून घ्यायची आणि मिळून सांभाळायची, एवढाच त्यामागचा विचार.

'मिळून घ्यायची' हे शब्द नीट लक्षात ठेवा, कारण खरी गोम तिथेच आहे. फ्लॅट तुमच्या नावावर होतो, पण खालची जमीन कोणाची? सायखेड्यातली कुठलीही बाई शेत घेताना आधी सातबारा मागेल. कोणाचं नाव आहे, बोजा आहे का, इतर हक्कात कोण आहे, सगळं बोट ठेवून वाचेल. तीच बाई तीस लाखांचा फ्लॅट घेताना टाइल्सचा रंग बघते आणि ओटा किती लांब आहे ते मोजते! अहो, कांद्याच्या चाळीत वरचा थर बघून आपण भाव ठरवत नाही, हात आत घालतो. तसाच इथे घालायचा.

बिल्डरने जमिनीसकट इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. त्याला अभिहस्तांतरण म्हणतात, बोलीभाषेत कन्व्हेयन्स. १९६३ च्या महाराष्ट्राच्या फ्लॅट-मालकी कायद्यातच हे बंधन घातलेलं आहे. तरी वर्षानुवर्षं बिल्डर टाळाटाळ करत राहिले. मग २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन 'मानीव अभिहस्तांतरण' आलं, म्हणजे बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमीन नावावर करून घ्यायची. आता बघा, हा अर्ज करायचा कोणी? एकट्यादुकट्या फ्लॅटवालीला धडपड फार पडते. सोसायटी असेल तर ठराव होतो, खर्च विभागला जातो, एक माणूस फाइल घेऊन खेटे घालतो. इमारत पुढे मोडकळीस आली आणि नवी बांधायची म्हटली की पहिला प्रश्न जमिनीचाच निघतो. तेव्हा नाशिकरोडच्या त्या सोसायटीत चहापाण्याच्या आधी एवढं विचारा, कन्व्हेयन्स झालं का? झालं असेल तर मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव दाखवा.

आता अठराशे रुपये. हे ऐकून यजमान चमकले, पण मला विचाराल तर आकडा लहान असता तर मी जास्त घाबरले असते. हिशेब घालू. सोसायट्यांसाठी सरकारने जे नमुना उपविधी केले आहेत, त्यांच्या २०१४ च्या मसुद्याप्रमाणे घराच्या बांधकाम-खर्चाच्या वर्षाला पाव टक्का सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जायला हवा. तुमच्या फ्लॅटचा बांधकाम-खर्च, जमीन सोडून, समजा बारा लाख धरला, तर वर्षाला तीन हजार आणि नऊ हजार, म्हणजे महिन्याला एक हजार रुपये नुसते शिल्लक टाकायचे. वॉचमन, जिन्यातले दिवे, पंपाचं बिल, लिफ्टची देखभाल हे सगळं त्यावर वेगळं. मग जी सोसायटी महिना पाचशे रुपयांत सगळं भागवते ती शिल्लक काय टाकत असेल? काहीच नाही! त्या इमारतीची गच्ची गळू लागली किंवा लिफ्टचा दोर बदलायचा झाला की एका रविवारी नोटीस लागते, प्रत्येकाने पन्नास हजार भरा. स्वस्त मेंटेनन्स म्हणजे पुष्कळदा आधी राहून गेलेल्यांनी नव्या खरेदीदाराच्या डोक्यावर ठेवलेली उधारी असते. बचतगटाचं पासबुक बघायची सवय असलेल्या बायकांना हे समजवायला नकोच. गेल्या तीन वर्षांचे ऑडिट केलेले ताळेबंद मागून घ्या, त्यात सिंकिंग फंडाची ठेव किती आणि थकबाकी किती ते बघा. ताळेबंद दाखवायला का-कू करणारी सोसायटी असेल तर ओटा कितीही लांब असो, पुढे निघा.

एक गंमत सांगते. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्या घरांना सारखं असतं, फ्लॅट लहान असो की मोठा. लिफ्टसुद्धा! तळमजल्यावरच्या बाई दर सभेत तावातावाने विचारतात, "मी लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही, मग पैसे का?" नियम तसा आहे, बाई. पाणी मात्र नळांच्या संख्येवर. पण नाशिकला पुष्कळ इमारती सोसायटी नसून 'अपार्टमेंट' असतात, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेल्या. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट होतं आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा थेट तुमच्या नावे येतो. खर्चही त्या हिश्शाच्या प्रमाणात, मोठ्या घराला जास्त. दोन्ही प्रकार चालतात. आपण कशात शिरतो आहोत एवढं सहीच्या आधी विचारायचं.

जुना फ्लॅट घेताना आणखी दोन खाचखळगे. आधीच्या मालकाची बाकी राहिली असेल तर ती मिटेपर्यंत सोसायटी तुमचं नाव लावायला अडवते. म्हणून 'येणे बाकी नाही' असं पत्र विकणाऱ्याकडूनच आणवा, विसारातला थोडा पैसा त्यासाठी अडवून ठेवा. आणि हस्तांतराच्या वेळी कोणी 'डोनेशन' म्हणून लाखभर मागू लागलं, तर गोड शब्दांत २००१ च्या सरकारी परिपत्रकाची आठवण करून द्या. महानगरपालिकेच्या हद्दीत हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा त्यात २५,००० रुपये घातलेली आहे. पार्किंगचंही तसंच. इमारतीखालची स्टिल्टमधली जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पांचाली सोसायटीच्या खटल्यात सांगितलं. विकणारा 'पार्किंगचे तीन लाख वेगळे' म्हणाला तर सोसायटीच्या नोंदीत ते पार्किंग कोणाच्या नावे दिलं आहे ते आधी बघा.

आता त्या आठ रो-हाउसांकडे येऊ. यजमानांना वाटतं तिथे मेंटेनन्स नाही. मेंटेनन्स आहे हो, फक्त तो मागायला कोणी येत नाही! आतला रस्ता, गटार, बोअरची मोटर, रस्त्यावरचे दिवे, मोकळी सोडलेली जागा, हे आठ घरांत सामाईक असणारच. मोटर जळली की एक जण पैसे काढतो, दोघे 'बघू' म्हणतात, एकाकडे पाहुणे आलेले असतात. दुसऱ्यांदा तो पहिलाही पुढे येत नाही. आणि त्या मोकळ्या जागेवर पाच वर्षांनी कोणी पत्र्याची शेड ठोकली, तर हटकणार कोण? त्यातून जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा घरं आठच्या वर नसतील, तर २०१६ च्या रेरा कायद्याखाली नोंदणीची सक्ती नाही. आठच घरं बांधली आहेत हे त्या दृष्टीनेही बघा. बांधणाऱ्याने कुठे माहिती जाहीर करायची नाही, की सगळं तपासणं तुमच्यावर आलं. जमीन बिगरशेती झाली आहे का, लेआउट मंजूर आहे का, मोकळी जागा आणि रस्ता नकाशात दाखवले आहेत का? ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हातात ठेवतील, पण तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा दाखला नव्हे.

सायखेड्याला तर आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पत्रात कुठेच नाही याचं मला नवल वाटलं. गोदामाई! २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी सायखेड्यात आणि समोरच्या चांदोरीत शिरलं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत आहे की बाहेर, लाल रेषेशी त्याचं अंतर काय, हे पाटबंधारे खात्याच्या नकाशावरून लेखी घ्या. शेजारच्या जुन्या घरातल्या आजींना विचारा, पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं. त्या बोटाने दाखवतील. पुरानंतर आठ घरांतला गाळ काढायचा, बोअर साफ करून घ्यायची, पंचनाम्याला सगळ्यांनी मिळून उभं राहायचं, तेव्हाही कोणीतरी 'आपण सगळे' म्हणणारं लागतं.

म्हणून माझं मत असं. नाशिकरोडच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं असेल आणि ताळेबंद सरळ असतील, तर अठराशे रुपये डोळे झाकून द्या. रो-हाउसच मनात भरलं असेल, मुलांची शाळा आणि सासूबाईंची गावातली माणसं सुटत नसतील, तर तेही घ्या, पण आठ जणांनी मिळून आधी संस्था नोंदवायची या बोलीवर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान पाच जण किंवा निम्म्याहून अधिक घरं, यांतलं जे जास्त ते लागतं. आठांत पाच म्हणजे काम भागलं. पाच घरंही तयार होत नसतील, तर शेजार कसा मिळणार त्याचा अंदाज तुम्हाला पैसे देण्याआधीच आला, हेही थोडं नाही.

राहिले पापड. गच्ची सगळ्यांची असते, एका सेक्रेटरीची नाही. कोणत्या दिवसांत वाळवणं घालायची हे सभेत ठरतं. आणि सभेत बसायचं कोणी? कमिटीवर दोन जागा बायकांसाठी राखीव आहेत, पण पुष्कळ ठिकाणी त्यांवर नाव बाईचं आणि सभेला हजर तिचे मिस्टर असा प्रकार चालतो. तुम्ही स्वतः जा. उन्हाळ्याच्या तोंडावरच्या सभेत वाळवणाचा विषय तुम्हीच काढा. जिन्यात कांद्याची पोती मात्र ठेवू नका, त्याला कोणीच हो म्हणणार नाही!

शेवटी नावाचं. शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव पहिलं, मताचा हक्क त्याचा. दुसऱ्या नावाला तो पहिल्याच्या गैरहजेरीत मिळतो. महाराष्ट्रात २०२१ पासून फक्त बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, यजमानांचं नाव जोडलं की ती जाते. तीस लाखांवर तीस हजार होतात, एवढं त्यांच्या कानावर घालून बघा. नाव कोणाचंही असो, सभासद झाल्याबरोबर नॉमिनेशनचा फॉर्म भरून द्या आणि त्याची पोच सेक्रेटरीच्या सहीशिक्क्यासह मागून घेऊन घराच्या कागदांबरोबर ठेवा.