हा कागद चालणार नाही!

दिघ्यापासून तुर्भे स्टोअरपर्यंत, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कुठल्याही वस्तीत जा आणि घरातली पत्र्याची पेटी उघडा. रेशनकार्ड, लाइटबिल, जातीचा दाखला (मिळाला असला तर), आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं एक सर्टिफिकेट : अमुक अमुक व्यक्ती साक्षर झाली. दोस्तांनो, या सर्टिफिकेटाची बाजारात किंमत काय? माझं उत्तर, शून्य. आणि हे शून्य आपोआप झालेलं नाही, केलं गेलंय.

मी तुर्भ्यात रात्रीचा वर्ग घेतो. वर्गाला येतात कोण? मार्केटात कांदा निवडणाऱ्या बाया, नाक्यावर उभे राहणारे बिगारी, भंगार वेचणाऱ्या, ठेक्यावर झाडू मारणाऱ्या. १९७२ च्या दुष्काळानं मराठवाड्यातून इकडे फेकलेल्यांच्या सुना, लेकी, नातवंडं. दिवसभर कंबर मोडून आलेली बाई रात्री साडेआठला 'क'ला काना देते, ते काही मौज म्हणून नाही. तिला मुकादम व्हायचं असतं. हजेरीचं बुक स्वतः लिहायचं असतं, कारण मुकादम किती खाडे मांडतो ते तिला आता वाचता येतं!

१७ मार्च २०२४ ला नवभारत साक्षरता कार्यक्रमाची, म्हणजे 'उल्लास'ची परीक्षा झाली. १५० मार्कांची. वाचन ५०, लेखन ५०, हिशेब ५०. आमच्यातल्या बाया बसल्या, पास झाल्या. त्यातल्या एकीनं ठेकेदाराकडे मुकादमाच्या जागेसाठी कागद नेला. आतला पोरगा म्हणाला, "मावशी, हा साक्षरतेचा आहे. शाळेचा आणा, आठवी पासचा." ती म्हणाली, "बाबा, शाळा बघितली असती तर हा कशाला काढला असता?" पोरगा हसला. त्याचाही दोष नाही म्हणा, त्याच्या फॉर्मवर 'साक्षर' असा रकानाच नव्हता.

इथंच खरी मेख आहे. प्रौढांना शिकवायचं या देशाला सुचलं ते सरकारला सुचलं म्हणून नाही. १८५५ साली जोतिबा-सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. बाबासाहेबांनी १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. सरकार पुढे आलं ते मोहिमा घेऊन. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, पाच वर्षांत दहा कोटी माणसं शिकवणार म्हणे. १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन. २००९ ला साक्षर भारत, ते मार्च २०१८ ला गुंडाळलं. २०२२ ला उल्लास. दर वेळी नवीन नाव, नवीन घोषणा, नवीन बॅनर. पण हा कागद घेऊन माणसानं कुठल्या दाराशी जायचं, आणि त्या दारावरच्या माणसाला तो घ्यावाच लागेल की नाही, हे कुठल्या बॅनरवर लिहिलं होतं? सरकारला आकडा हवा होता. माणसाला जागा हवी होती.

आता कुणी शहाणा म्हणेल, सोय आहे की. आहे, कागदावर आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या 'ओपन बेसिक एज्युकेशन'चे अ, ब, क असे तीन टप्पे आहेत, ते अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे. आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी-आठवीच्या परीक्षा घेतं. खुद्द उल्लासच्या पाच घटकांत पाचवी, आठवी, दहावी-बारावीशी समकक्ष मूलभूत शिक्षण लिहून ठेवलंय. मग वस्तीत काय पोचलं? पहिला घटक तेवढा पोचला. अक्षरओळख, परीक्षा, फोटो, सर्टिफिकेट, संपलं. पुढची पायरी कुठे आहे, फॉर्म कुठल्या केंद्रावर मिळतो, हे सांगायला कुणी फिरकलं नाही. दहावीला बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म, आणि तिथं पहिलाच सवाल : शाळा सोडल्याचा दाखला? ज्याला शाळेनं कधी घेतलंच नाही, त्यानं सोडल्याचा दाखला कुठून आणायचा, साहेब?

'बाहेरून'. शब्द नीट ऐका. गावात आपण बाहेर राहिलो, आता परीक्षेलाही बाहेरून बसतो. आणि बाहेरून शिकलेल्यावरचा संशय वरपर्यंत आहे. २०१८ ला मेडिकल कौन्सिलनं नियम केला की ओपन स्कूलमधून किंवा बाहेरून बारावी झालेल्यांनी नीटच्या परीक्षेला बसायचंच नाही. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली हायकोर्टानं तो नियम घटनाबाह्य ठरवून उडवला, म्हणून दार उघडलं. पण आमच्या झाडूवाल्या मावशीसाठी हायकोर्टात कोण जाणार?

उलटी बाजू बघा. ट्रक-टेम्पो चालवायचं लायसन्स हवं तर आठवी पास लागायचं, १९८९ च्या नियमांतली अट. पुढे ड्रायव्हर कमी पडायला लागले आणि २०१९ ला केंद्र सरकारनं ती अट सरळ काढून टाकली. म्हणजे मालकांना माणूस हवा असला की आठवी एका दिवसात निघते. मला ते आवडलं, आपल्या कितीतरी पोरांच्या हातात स्टिअरिंग आलं. पण तोच न्याय मुकादमाला का नाही? आणि हरियाणात काय झालं? २०१५ ला पंचायतीची निवडणूक लढवायला शिक्षणाची अट घातली आणि सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली. गाडी चालवायला शिक्षण नको, गाव चालवायला हवं. ते शिक्षणही शाळेतलं!

सर्टिफिकेटं बोगस असतात, मोहिमेत कुणालाही पास करतात, हा आक्षेप मला ठाऊक आहे. आकडे फुगवायला काही ठिकाणी तसं झालंही असेल. मग परीक्षा कडक घ्या ना! कागद, पेन, हजेरीबुक पुढ्यात ठेवा, आमची बाई लिहून दाखवते. आम्ही वशिला मागत नाही. पण एकदा परीक्षा घेतली, मार्क दिले, सही-शिक्का मारला, तर त्या शिक्क्याचा मान पहिल्यांदा सरकारनं राखायचा. महापालिकेनं सफाईचा ठेका काढताना टेंडरमध्येच लिहावं की मुकादम, वॉचमन, हेल्पर यांना साक्षरतेचं आणि मुक्त विद्यालयाचं प्रमाणपत्र चालेल, नाही म्हणणाऱ्या ठेकेदाराला दंड. साक्षरतेची परीक्षा पास झालेल्याचं नाव त्याच केंद्रावर पाचवीच्या परीक्षेला घालावं, नवा दाखला न मागता. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये अनुभवाचंही क्रेडिट धरायचं म्हटलंय. वीस वर्षं झाडू मारणाऱ्या बाईला कुठला रस्ता कधी तुंबतो ते इंजिनिअरच्या आधी कळतं. त्याचं क्रेडिट किती, तेवढं एकदा सांगून टाका.

तोवर आपण काय करायचं? ज्यांच्याकडे उल्लासचं सर्टिफिकेट आहे, त्यांनी ते पेटीतून बाहेर काढून वर्गावर घेऊन यावं. यादी करू, महापालिकेत अर्ज एकेकट्यानं नाही, सगळ्यांचा मिळून टाकू, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. पाचवी-आठवीचे फॉर्मही तिथंच भरू. येताना दोन फोटो आणि आधारकार्डाची झेरॉक्स आणा. वर्ग रात्री साडेआठला. पोरं सोबत आणली तरी चालतील.