औषध आहे, अभय कोठे आहे?

एचआयव्हीची लागण म्हणजे मृत्युदंड, ही समजूत एके काळी निराधार नव्हती. आज ती निराधार आहे, आणि म्हणूनच ती बाळगणे अक्षम्य होय. १९९६ च्या सुमारास तीन औषधांची संयुक्त उपचारपद्धती यशस्वी ठरली. परंतु वर्षाकाठी दहा हजार डॉलरांचे मोल गरिबाने आणावे कोठून? २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे सेवाभावी संस्थेस वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली आणि भाव कोसळू लागले. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारी केंद्रांत मोफत उपचार सुरू झाले. २०१७ पासून निदान होताच उपचार, हे धोरण ठरले.

आज बहुतेकांस दिवसाला एक गोळी पुरते. नियमित उपचाराने रक्तातील विषाणू चाचणीत न आढळण्याइतका घटला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही, हे सिद्ध झाले आहे. मात्र तो समूळ नष्ट होत नाही; गोळी सुटली की पुन्हा उसळतो.

आणि गोळी सुटते ती कित्येकदा लोकलज्जेपायी. डबी घरात लपवावी लागते, रजेचे खरे कारण साहेबांना सांगता येत नाही. २०१७ चा कायदा नोकरी, शिक्षण व उपचार यांतील भेदभावास मनाई करतो. पण कायद्याचा हात माजघरापर्यंत पोहोचत नाही. आपल्या कचेरीत, आपल्या सोसायटीत अशा माणसास निर्भयपणे औषध घेता येते काय, हे प्रत्येक सुशिक्षिताने स्वतःस विचारावे. उत्तर नकारार्थी असेल, तर शास्त्रज्ञांचे श्रम आपणच मातीस मिळवीत आहोत.