कर्ण आवडतो, पण कोणता?

'माझे आवडते पौराणिक पात्र' हा विषय निबंधाला दिला, की वह्यांच्या गठ्ठ्यातून कर्णामागून कर्ण निघतात. मध्येच एखादा अभिमन्यू, एखादा हनुमान, क्वचित एखादी द्रौपदी. बाकी सारा कर्ण. आम्हां शिक्षकांना याचे नवल वाटत नाही. मराठी घरात कर्ण येतो तो व्यासांकडून कमी, आणि शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मधून (१९६७) व रणजित देसाईंच्या 'राधेय'मधून जास्त. सावंत आजऱ्याचे, देसाई कोवाडचे. म्हणजे हे दोन्ही गाजलेले कर्ण आपल्या बेळगाव-निपाणीला लागून असलेल्या मुलखातल्या लेखकांनी लिहिले. कन्नडातही हे प्रेम जुनेच. दहाव्या शतकातल्या पंपाने अर्जुनाला नायक करून महाकाव्य रचले, तरी कर्णाची थोरवी गायल्यावाचून त्याला राहवले नाही.

आमची तक्रार कर्णाबद्दल नाही, निबंधांबद्दल आहे. बहुतेक वह्यांत एक वाक्य ठरलेले असते: कर्ण खरा राजपुत्र, सूर्याचा अंश, कुंतीचा थोरला मुलगा, पण दुर्दैवाने सूताच्या घरी वाढला. त्याचे मोठेपण जन्मात आणि कवचकुंडलांत, आणि ज्या घराने त्याला वाढवले ते घर म्हणजे दुर्दैव! अधिरथ आणि राधा यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते.

उद्यमबागेतल्या मुलांनी असे लिहावे, याचे आम्हांला वाईट वाटते. आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील फाउंड्रीत मोल्डिंग करतात, लेथवर उभे राहतात, पाळी संपवून ऑइलचे हात धूत घरी येतात. फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'टर्नर' किंवा 'फिटर' लिहिताना एखाद्याचे पेन जरा थांबते, हे आमच्या नजरेतून सुटत नाही. काही जण नुसतेच 'नोकरी' लिहितात. अधिरथही हाताला घट्टे पडलेलाच माणूस. रथ हाकायचा, घोडे सांभाळायचे, हे त्याचे काम.

आदिपर्वातला एक प्रसंग मुलांनी जरूर वाचावा. राजकुमारांच्या शस्त्रकौशल्याचे प्रदर्शन भरलेले. दुर्योधनाने कर्णाला नुकताच अंगदेशाचा राजा केलेला. तेवढ्यात अधिरथ येतो, घामाने भिजलेला, थरथरत, काठी टेकत, उपरणे घसरलेले. सारे हस्तिनापूर बघत असते. कर्ण धनुष्य खाली ठेवतो आणि अभिषेकाच्या पाण्याने ओले असलेले मस्तक त्याच्या पायांवर ठेवतो. भीम लगेच टोमणा मारतो, की तू आपला चाबूकच हाती घे. ते ऐकावे लागणार, हे काय कर्णाला कळत नव्हते?

पुढे उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचे रहस्य सांगतो आणि पांडवांचा थोरला भाऊ म्हणून राज्य देऊ करतो. कर्ण नाही म्हणतो. दुर्योधनाचे ऋण हे कारण तो देतोच. पण त्याआधी तो राधेबद्दल बोलतो. तिने त्याला कुशीत घेतले तेव्हा तिला पान्हा फुटला, तिने त्याचे मलमूत्र काढले. तिला सोडून कसा जाऊ, असे तो विचारतो. देसाईंनी कादंबरीला 'कौंतेय' नव्हे, 'राधेय' हे नाव दिले, ते आम्हांला म्हणूनच फार नेमके वाटते.

राधेय म्हणून तो आवडला, म्हणजे त्याचे सारेच आवडावे असे नाही. द्यूतसभेतल्या कर्णाकडे निबंध डोळेझाक करतात, किंवा स्वयंवरात द्रौपदीने त्याचा 'सूतपुत्र' म्हणून अपमान केला होता, असे सांगून त्याला सोडून देतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात अनेक हस्तलिखिते ताडून महाभारताची संशोधित आवृत्ती सिद्ध केली. तिच्या मूळ पाठात तो अपमान नाही. सभेतले कर्णाचे बोलणे मात्र आहे. द्रौपदीची वस्त्रे उतरव, असे दुःशासनाला सांगणारा कर्णच होता. पांडवांना टाकून बोललो त्याचा ताप होतो, असे तो पुढे कृष्णापाशी कबूल करतो, हेही लिहायला हवे.

त्याच सभेत भीष्म-द्रोण गप्प बसले असताना धृतराष्ट्राचाच एक मुलगा, विकर्ण, उठला आणि हा अन्याय आहे असे सरळ म्हणाला. कर्णाने त्याला पोर ठरवून खाली बसवले. युद्धात तो भावांच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून पडला. आपल्या प्रतिज्ञेपायी याला मारावे लागले, याचे भीमालाही दुःख झाले. विकर्णावर निबंध मात्र आमच्याकडे अजून एकाही वहीत आलेला नाही.