किस्से पुरेत, आता प्रश्न हवेत

पुण्यात संगीतभक्तीला तोटा नाही. टंचाई आहे ती प्रश्नांची. १९५३ साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू करणाऱ्या या शहरात गायकाविषयी बोलायचे म्हणजे किस्से सांगायचे, असे जणू ठरून गेले आहे. गुरूने पहाटे उठवले, शिष्याने पाणी भरले आणि एके दिवशी सूर प्रसन्न झाला! ज्यांना तो कधीच प्रसन्न झाला नाही त्यांचे काय, हे कुणी विचारत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' या मराठी चित्रपटाने ते विचारले. २०२० साली व्हेनिस महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि एप्रिल २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. शरद नेरुळकर निष्ठेने रियाज करतो, गुरूची सेवा करतो, तरीही मोठा गायक होत नाही. कथेत खलनायक नाही, आक्रोश नाही. रात्रीच्या मुंबईतून मोटारसायकलवर जाताना 'माई' या दिवंगत गायिकेची ध्वनिमुद्रित व्याख्याने त्याच्या कानी पडत राहतात. तो धीरगंभीर आवाज पुण्याच्याच सुमित्रा भावे यांचा.

चित्रपट संथ आहे आणि तो परंपरेची बदनामी करतो, असे दोन आक्षेप आम्ही ऐकतो. पहिला आक्षेप विलंबित ख्यालाला माना डोलावणाऱ्यांनी तरी घेऊ नये. दुसरा अधिक गंभीर आणि अधिक चुकीचा. गुरुजींची भूमिका करणारे अरुण द्रविड हे किशोरी आमोणकरांचे शिष्य. शरद साकारणारे आदित्य मोडक स्वतः गायक. परंपरा आतून ओळखणारी ही माणसे तिची टिंगल करायला जमलेली नाहीत. धक्का बसतो तो परंपरेभोवती आपण रचलेल्या दंतकथेला.

माई केवळ सांगतात; त्यांना उलट काही विचारता येत नाही. शरदची शोकांतिका आमच्या मते इथेच आहे. म्हणून चित्रपटानंतर किशोरीताईंच्या आंतरजालावरील मुलाखती वाचकांनी आवर्जून ऐकाव्यात. जमल्यास अमोल पालेकर व संध्या गोखले यांचा 'भिन्न षड्ज' हा २०११ चा माहितीपटही पाहावा. जयपूर-अत्रौली परंपरेत वाढलेली ही गायिका घराण्याच्या चौकटीलाच प्रश्न विचारते. आई मोगूबाई कुर्डीकर यांच्या वाट्याला आलेली आयोजकांची अवहेलना ती लपवत नाही. श्रद्धा आणि चिकित्सा एकाच गळ्यात नांदू शकतात, याचा याहून सबळ पुरावा कोणता?

मराठीला ही चिकित्सा परकी नाही. वामनराव देशपांडे यांची 'घरंदाज गायकी' १९६१ सालची आहे. तो वारसा सोडून आपण आठवणींच्या पुस्तकांत रमलो. याची किंमत आमच्या वर्गांतली गाणे शिकणारी मुले मोजतात. यश आले तर ती गुरुकृपा आणि न आले तर साधना अपुरी, एवढेच त्यांना सांगितले जाते. या मुलांसोबत हा चित्रपट पाहावा, त्या मुलाखती ऐकाव्यात आणि नंतर त्यांना बोलू द्यावे, एवढीच आमची संगीतशिक्षकांना विनंती आहे.