कुंचल्यापासून कळफलकापर्यंत

दहावीचा निकाल लागला, की घरोघरी एक चर्चा हमखास रंगते. मुलाला चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांत 'ए' श्रेणी असते, गणितातले गुणही बरे असतात. मग वडीलधारी मंडळी तोडगा काढतात, "चित्रं छंद म्हणून काढ, पोटापाण्यासाठी कॉम्प्युटर शीक." कला आणि तंत्रज्ञान यांच्यामध्ये भिंत आहे, असं आपण धरूनच चालतो. ही भिंत किती कच्ची आहे, हे र. कृ. जोशी यांच्या वाटचालीकडे पाहिलं की कळतं.

१९३६ साली जन्मलेल्या जोशींनी मुंबईच्या जे. जे. मध्ये उपयोजित कलेचं शिक्षण घेतलं आणि जाहिरातीच्या व्यवसायात पाऊल टाकलं. 'उल्का' या जाहिरात संस्थेत त्यांनी सुमारे दोन दशकं काढली. नोकरीवर घर चालत होतं. पण मनाला ध्यास होता अक्षरांचा. देवनागरीचं वळण, तिच्यातली जोडाक्षरं, इतर भारतीय लिप्यांशी असलेलं तिचं नातं यांचा अभ्यास नोकरी सांभाळून चालू होता. अक्षरांच्या मांडणीतूनच आकार घेणाऱ्या कवितांचे प्रयोगही ते करत.

१९८३ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते पवईच्या आय.आय.टी.तल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये प्राध्यापक झाले. ज्या वयात माणसं निवृत्तीची वर्षं मोजू लागतात, त्या वयात कुंचला धरणारा हा माणूस अभियंत्यांच्या गावात राहायला आला!

त्या गावात एक अवघड प्रश्न वाट पाहत होता. संगणक घडला तो इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांवर. तिथे अक्षरं एकापुढे एक बसवली, की शब्द तयार. आपल्याकडे 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र' आणि 'वऱ्हाड' हे चार शब्द लिहून पाहा. चारही ठिकाणी 'र' आहे, पण प्रत्येक ठिकाणी त्याचं रूप वेगळं! 'कि' लिहिताना 'क' आधी उच्चारायचा आणि वेलांटी मात्र त्याच्या डावीकडे काढायची. हे यंत्राला समजवायचं कसं? नुसत्या प्रोग्रॅमरला अक्षराचं वळण ठाऊक नसतं आणि नुसत्या चित्रकाराला यंत्राची भाषा येत नाही. दोघांनी एका टेबलाशी बसायला हवं होतं.

१९९७ च्या सुमारास जोशी मुंबईतल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात गेले आणि तिथल्या तंत्रज्ञांबरोबर त्यांनी भारतीय लिप्यांचे फाँट घडवले. त्यांचा 'मंगल' हा देवनागरी फाँट 'विंडोज २०००' बरोबर जगभरच्या संगणकांवर पोहोचला. या फाँटमध्ये अक्षरांच्या आकृत्यांबरोबर कोणतं अक्षर कुठे जोडायचं याचे नियमही भरलेले असतात. मराठी पत्र, अर्ज किंवा पत्रिका संगणकावर टंकणाऱ्या असंख्य लोकांनी हा फाँट वापरला. त्यामागचं नाव फार थोड्यांना माहीत होतं. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत त्यांचं निधन झालं.

जाहिरात, अध्यापन, सॉफ्टवेअर. बाहेरून पाहणाऱ्याला ही तीन वेगळी आयुष्यं वाटतील. 'एका जागी टिकत नाही' असंही कुणी म्हणालं असतं. पण धागा पहिल्यापासून एकच होता, अक्षराचा. प्रत्येक वळणावर आधीची शिदोरी उपयोगी पडली. जाहिरातीत लागलेली शिस्त फाँटच्या कामी आली, आणि लिपीचा अभ्यास संगणक येईपर्यंत तयार होऊन बसला होता.

आता अशा मुलांसाठी वाट थोडी रुंद झाली आहे. आय.आय.टी. मुंबईत २०१५ पासून डिझाइनचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि त्याच्या 'यूसीड' या प्रवेशपरीक्षेला कला, वाणिज्य वा विज्ञान, कोणत्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी बसू शकतो.

सगळेच र. कृ. होणार नाहीत, हे खरं. वळणाच्या रस्त्याला वेळ लागतो, पैशाची ओढाताणही होते; आईवडिलांची काळजी खोटी नसते. म्हणून नोकरी जरूर शोधावी, पण हातातली पेन्सिल मात्र काढून घेऊ नये. कोणती लाइन घेणार, हे मुलाला विचारण्याआधी एक पाहावं : कुणी सांगितलं नसतानाही तो कोणत्या गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा जाऊन बसतो? बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.