आईबाबांना कुणी विचारलं का?

ताईचा घटस्फोट झाला, तेव्हा जो तो तिलाच विचारत होता, ‘तू ठीक आहेस ना?’ मीही विचारलं. आईबाबांना मात्र कुणीच काही विचारलं नाही.

बाबांनी ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर जाणं बंद केलं. म्हणाले, गुडघे दुखतात. मला वाटलं, ‘लोक काय म्हणतील’ची भीती, दुसरं काय! तुम्हीही हेच म्हणाला असता.

मग यंदा अधिक महिना आला. २०२३च्या अधिक श्रावणात आईने जावयाच्या वाणासाठी ३३ अनारसे केले होते. यंदा तिने तांदूळही भिजवले नाहीत. मी सहज विषय काढला, तर हळूच म्हणाली, ‘त्याला फार आवडायचे गं.’

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. घरातला एक माणूस त्यांनीही गमावलाय. पण त्याची आठवण काढली, तर ताईला वाटणार, आई त्याच्या बाजूची. म्हणून दोघं गप्प.

परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा तरी हिंदू विवाह कायद्यानुसार आधी किमान वर्षभर वेगळं राहावं लागतं. अर्ज केल्यावर साधारण सहा महिने थांबावं लागतं. २०१७च्या निकालानंतर काही प्रकरणांत ही अट माफ होते. या काळात नवराबायकोला वकील असतो, कुटुंब न्यायालयात समुपदेशकही भेटतो. घरी बसलेल्या आईवडिलांना कोण असतं? नातवंडं असतील तर आणखी अवघड. कालपर्यंत मांडीवर खेळणारं नातवंड आता ठरलेल्या वारीच भेटणार.

याचा अर्थ ताईने संसार रेटायला हवा होता, असा मुळीच नाही. आईबाबांच्या दुःखाचं ओझं तिच्या डोक्यावर नकोच. ते थोडं आपण उचलू शकतो. आपण घरात असतो ना! त्यांना बोलू द्या. जावयाची किंवा सुनेची आठवण काढली, तर ‘आता सोडा ना तो विषय’ म्हणू नका. झोप उडाली, जेवण तुटलं, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या मोफत हेल्पलाइन आहेत.

गेल्या रविवारी मी बाबांना म्हटलं, ‘चला, कट्ट्यापर्यंत सोडते.’ वाटेत ते जावयाबद्दल बोलले. पहिल्यांदाच. गुडघ्यांचं नावही निघालं नाही.

तुमच्या घरीही असं काही घडलं असेल, तर आज रात्री जेवताना एवढंच विचारा, ‘बाबा, तुम्ही ठीक आहात ना?’